आखाजीचं स्टूल

माझ्या सासरी बाहेर बसायची स्टुलं बनत. चहाच्या टपऱ्या, रसवंत्या, सायकल दुरुस्तीवाले, आग्रा रोडवरचे ढाबे, सगळे आमच्याकडून न्यायचे. धुळ्याला देवपुरात, पांझरेच्या काठापासून थोडं आत आमचं घर. पुढे मोठं अंगण, अंगणात पत्र्याचं शेड, आणि शेडच्या कडेने एकात एक घातलेल्या स्टुलांच्या चळती. त्या घरात लग्न होऊन आल्यावर पहिले सहा महिने मी जमिनीवर बसले.

कुणी मला छळलं असं नाही. सासऱ्यासमोर सुनेने उंच बसायचं नाही, हे मी बोदवडकडच्या आमच्या खेड्यात लहानपणापासून पाहिलेलं. माझी आईही तशीच. पण आमच्या खेड्यातल्या घरात उंच बसायला एक खाट आणि एक बाज, एवढंच होतं. त्यामुळे कधी काही वाटलं नाही. इथे अंगणभर बसायचंच सामान, येणारा-जाणारा कुणीही त्यावर टेकायचा, ट्रकवाले टेकायचे, भंगारवाला टेकायचा, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड फरशीवर. दार अर्धं लोटलेलं. फटीतून मला माणसांचे पाय आणि स्टुलांचे पाय दिसत.

घरात बाई नव्हती. सासू माझ्या लग्नाच्या आधीच वारलेली. सासरे, माझा नवरा आणि मी. नवरा मॅटाडोर चालवायचा. स्टुलं भरून शिरपूर, सेंधवा, कधी दोंडाईच्याकडे जायचा, परत येताना लाकूड नाहीतर सळया आणायचा. दोन-दोन दिवस बाहेर. घरी आला की जेवून झोपायचा. चांगला माणूस होता, पण सगळं बोलणं रस्त्यावरच संपवून यायचा.

सासऱ्यांना सगळं देवपूर नाना म्हणे. मी काहीच म्हणत नसे, कारण मी त्यांच्याशी बोलतच नसे. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचे, खाकरायचे, हातातलं स्टूल खाली ठेवायचे आणि त्या स्टुलाला सांगायचे, "इले सांग, पाव्हना येई ऱ्हायनात, चहा मांड." मी चहा मांडायची. चहा झाला की कपबशा उंबऱ्यावर ठेवून दोनदा बांगड्या वाजवायची. एवढाच आमचा व्यवहार.

त्यांची अहिराणी आणि आमच्याकडची बोली यांतही फरक होता. मी शेजारच्या अक्कांना एकदा आमच्याकडच्या सवयीने, का या अर्थी, "काहून?" असं विचारलं, तर त्या हसत सुटल्या. "काहून काय व? काबर म्हन." तेव्हापासून मी विचारणंच कमी केलं. आठवीतून शाळा सुटलेली, नवं काही बोलायचं म्हटलं की आधी चुकेल याचीच धास्ती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला वाटायचं, आता माहेरी निरोप जाईल.

मग मी मनाशी एक ठरवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात. वडील मला घ्यायला येणार हे लग्नातच ठरलेलं. तर एकदा घरी पोचले की आईला एकटीला गाठायचं आणि सांगायचं, मी परत जात नाही. पुढे काय, ते मला माहीत नव्हतं. पण दिवस मी त्याच्यावर काढत होते. दळताना, भाकरी थापताना, आईला कोणत्या शब्दांत सांगायचं ते जुळवत असे.

दाराआड बसून मी नानांचं गिऱ्हाइकांशी बोलणं ऐकत असे. तीच माझी सोबत. एकदा एक टपरीवाला सगळं स्टूल लोखंडाचंच मागायला आला. म्हणाला, "नाना, बठ्ठं लोखंडनं द्या. लाकूड नको."

नाना म्हणाले, "मे महिनामा त्यावर बठी दाखाड."

"तुमीच बठा नाना. तुमनं कातडं जाड शे."

"मन्हं जाड शे रे. तुना गिऱ्हाईकनं काय?"

मग त्याने लोखंडी पाय आणि वर पट्टीची वीण असं नेलं. असं ऐकून ऐकून मला कळत गेलं की घरात ठेवायच्या वस्तूला लाकूड कोणतंही चालतं, पण बाहेर ठेवायची म्हटली की ऊन, पाऊस, कुत्री आणि माणसं, सगळ्यांचा विचार करावा लागतो. बाभूळ टणक, पायांना चांगली, पण आधी पाण्यात भिजत टाकून ठेवायची, नाहीतर आतून भुंगा पोखरतो. निंबाची फळी कडू, तिला कीड लागत नाही, म्हणून ती बैठकीला. आंब्याचं लाकूड दारात आणूच द्यायचे नाहीत. सळईच्या पायांना आधी तांबडा रेडऑक्साईड, मग हिरवा रंग. विणीला सुती नवार घेतली तर पावसाने कुजते, काथ्या टोचतो, अंबाडीची दोरी चांगली पण पाणी प्यायली की जड होते. नायलॉनची पट्टी उन्हात कडक होऊन चिरते, तरी तेवढं एक-दोन उन्हाळे काढते, शिवाय रंगीत दिसते. टपरीवाल्यांना रंग लागतो.

पट्टी विणायला एक म्हातारे बाबा यायचे. ते लेकाकडे सुरतेला गेले आणि विणकाम अडलं. नवऱ्याने जेवताना सहज विचारलं, "तुला येतं का काही विणता?" मी मान डोलावली. आमच्याकडे खाटा घरीच विणत, मी वडिलांच्या समोर बसून दोरी ओढायची. दुसऱ्या दिवशी नानांनी उंबऱ्यावर एक लोखंडी सांगाडा आणि पट्टीचं बंडल ठेवलं, दोनदा दार ठोठावलं आणि निघून गेले. मी ते आत ओढून घेतलं, पायाच्या अंगठ्यात पट्टी अडकवून ताणत ताणत विणलं आणि संध्याकाळी पुन्हा उंबऱ्यावर ठेवलं. सकाळी बघते तर उंबऱ्यावर चार सांगाडे होते.

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आजही त्याबद्दल मला त्यांचे उपकार वाटतात. माझ्या हाताला काम दिलं म्हणून नव्हे फक्त, मी केलेलं काम परत उसवलं नाही म्हणून. पण काम असलं तरी मी दाराआडच. दिवसभर बोटं चालायची आणि तोंड मिटलेलं. काही दिवस असे जात की संध्याकाळी अक्कांनी हाक मारल्यावर ओ देताना माझाच आवाज मला घोगरा वाटे.

आमच्या घरची एक रीत होती. कोणतंही स्टूल घरातल्या माणसाने त्यावर बसून बघितल्याशिवाय बाहेर जायचं नाही. शेडसमोर एक शहाबादी फरशी अगदी समपातळीत बसवलेली होती. तयार स्टूल त्या फरशीवर ठेवायचं. नाना त्यावर बसायचे, दोन्ही पाय उचलायचे, मग भार उजवीकडे, डावीकडे, मागे टाकायचे. ऐकायचे. कुठे करकरलं, कुठे डुगडुगलं तर बाजूला. ठीक असेल तर उलटं करून बुडाला रंगाचा अंगठा टेकवायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "आपण न बठता दुसराले बठाडानं?"

आखाजीला थोडे दिवस राहिले असताना गाडीवरून बाभळीचा ओला ओंडका उतरवताना तो सटकला आणि नानांच्या पायावर आला. गुडघ्याखाली हाड मोडलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. त्यांची खाट शेडमध्ये टाकली, कारण घरात झोपायला ते तयार नव्हते. मी दाराआडून बघत होते आणि मला धडकी भरली. घरात दुसरी बाई नाही, म्हातारा माणूस खाटेवर, आता मला कोण पाठवणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पाहू." मी रोज नानांच्या ताटात भाकरी वाढताना पदराआडून त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायची. काही कळायचं नाही.

वडील यायचे त्याच दिवशी आग्रा रोडवरच्या एका रसवंतीवाल्याला स्टुलं हवी होती. आखाजीच्या गर्दीच्या आधी त्याला दुकान मांडायचं होतं, त्याचा टेम्पो संध्याकाळी येणार होता. सांगाडे झाले होते, रंग वाळला होता, विणून मी मोकळी झाले होते. फक्त बसून बघायचं राहिलं होतं. नवरा शिरपूरकडे गेलेला. वेल्डिंगचा माणूस आखाजीला त्याच्या गावी गेलेला. नाना खाटेवर.

अक्का तेवढ्यात ताक घेऊन आल्या. शेजारच्या घरातल्या, नानांपेक्षा वयाने थोड्या लहान, अंगाने दणकट, कानाने मंद. म्हणाल्या, "त्यामा काय नाना, मी बठस ना."

त्या एका स्टुलावर बसल्या. "हाऊ चांगला." दुसऱ्यावर बसल्या. "हाऊबी चांगला."

"अक्का, तो करकर करी ऱ्हायना," नाना खाटेवरून म्हणाले.

"कोठे? माले ते काही आयकू उनं नही."

"तुले नगाराबी आयकू येत नही."

"मंग तुमीच बठा," म्हणून अक्का रागाने त्याच स्टुलावर ताक घुसळल्यासारख्या डुलून बसल्या.

मी दाराच्या फटीतून बघत होते. मला नानांचा प्लॅस्टरचा पाय आणि खाटेजवळचं एक स्टूल दिसत होतं. मग त्यांनी त्या स्टुलाला सांगितलं, "इले सांग, तू बठ."

मला आधी वाटलं, अक्कांनाच म्हणताहेत. अक्कांना ते ऐकू गेलं नसावं असं वाटलं, पण ते बरोबर गेलं. "काय सांगतस नाना? ती? तुमना समोर?"

"मी पाहत नही," नाना म्हणाले. खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि स्वतःच्या तोंडावर पांघरून घेतला. रुमालाखालून म्हणाले, "घ्या. आते समोर कोन शे?"

मी बाहेर आले ते कशी आले मला आठवत नाही. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, त्यामुळे फरशीपुरतंच दिसत होतं. अक्कांनी स्टूल ठेवलं. मी अगदी कडेला टेकले.

"बठनी का?" रुमालाखालून आवाज.

"टेकनी नुसती," अक्का म्हणाल्या.

"नीट बठ म्हना. रस पेनारा मानूस असा बठत नही."

मी नीट बसले. माझ्याच हातची वीण होती, थोडी दबली आणि थांबली. पाय उचलले. उजवीकडे झुकले, डावीकडे झुकले. काही आवाज नाही. नाना म्हणाले, "वजनच नही त स्टूल काय बोली?" मग अक्कांना सांगून आतला पाटा आणवला. मी स्टुलावर बसायची आणि अक्का तो दगडी पाटा माझ्या मांडीवर ठेवायच्या. स्टूल बदललं की उचलायचा, पुन्हा ठेवायचा. "मी काय हमाल शे का?" असं त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या.

असं करत करत पदर कधी मागे सरकला कळलं नाही. मी अंगण उभ्याने रोज बघत होते. झाडायला, पाणी मारायला, धुणं वाळत घालायला. पण कुठे जायचं नाही, हातात काही करायचं नाही आणि बाहेर बसलोय, असं त्या गावात मी पहिल्यांदा बसले होते. फाटकातून पांझरेचं कोरडं पात्र दिसत होतं. त्यात कुणी टरबुजांच्या वाड्या लावल्या होत्या. पुलावरून वाहनं जात होती. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. रस्त्यावर एवढी माणसं, आणि त्यातलं एकही मला ओळखणारं नाही, हे तिथे बसल्यावर जास्तच जाणवलं. पाटा मांडीवर होता म्हणून बरं, नाहीतर मी उठून आत गेले असते.

मग एका स्टुलावर बसल्याबरोबर ते खालून किंचित हललं. अक्कांना काही कळलं नाही. नानाही काही बोलले नाहीत, कारण आवाज झालाच नव्हता. मी वाट बघितली, आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "हे हालते."

सहा महिन्यांत मी नानांशी बोललेला तो पहिला शब्द.

"कोनता पाय?" त्यांनी विचारलं. स्टुलाला नाही. मला.

"मागचा. डावा."

"गोल स्टूलले मांगना पाय कथा ऱ्हास व?"

अक्का मोठ्याने हसल्या. मी खाली बघितलं. खरंच, गोल स्टुलाला मागचा पाय कोणता? रुमाल नानांच्या तोंडावर वर-खाली होत होता. ते हसत होते. मलाही हसू फुटलं, आणि मांडीवरचा पाटा हलू लागला तसा तो दोन्ही हातांनी धरून मी हसत राहिले.

नेमके तेव्हाच वडील फाटकाशी आले. त्यांना काय दिसलं असेल? शेडमध्ये व्याही खाटेवर पाय ताठ करून निजलेले, तोंडावर पांढरा रुमाल, शेजारी एक बाई तोंडाला पदर लावून हलतेय, आणि आपली लेक उंच स्टुलावर मांडीत पाटा घेऊन. वडील तिथेच थांबले. डोक्यावरची टोपी काढली. हळू आवाजात अक्कांना विचारलं, "कवा झालं?"

अक्का म्हणाल्या, "काय?"

"म्हणतो, कवा गेले?"

"कोन उनं रे?" रुमालाखालून नाना म्हणाले.

वडील एक पाऊल मागे सरकले. मग त्यांना सगळं उमगलं असावं, कारण टोपी डोक्यावर गेली आणि चेहरा पडला. मला म्हणाले, "काहून वर बसली? खाली उतर आधी." मला उतरायचं होतं, पण पाटा मांडीवर.

"बठू द्या याहीभो," नाना रुमाल न काढता म्हणाले. "काम चालू शे. तुमीबी बठा. तो तठे शे त्यावर बठा, त्यावर ती बठेल शे."

माझ्या वडिलांनी ते स्टूल एकदा हाताने दाबून बघितलं. मग बसले. उरलेली स्टुलं मी त्यांच्यासमोर आणि नानांच्या पुढ्यात बसून बघितली. बुडाला रंगाचा अंगठा टेकवायची वेळ आली तेव्हा नाना म्हणाले, "जो बठना त्याना अंगठा." हिरव्या रंगात अंगठा बुडवून मी एकेका स्टुलाला लावत गेले. संध्याकाळी टेम्पो आला आणि माल गेला. हलणारं एक तेवढं मागे राहिलं.

जेवणं झाल्यावर वडिलांनीच विषय काढला. "यांचा पाय असा. घरात कुणी नाही. यंदा राहू द्या तिले. मी पुढच्या साली नेईन." मी आत भांडी घासत होते. हात थांबले. वडील बरोबरच बोलत होते, मी त्यांच्या जागी असते तर तेच बोलले असते. आणि मला वाटलं, आता सगळं संपलं.

"नही," नाना म्हणाले. "आखाजीले पोरी गावले जातंस. माले पाहाले अक्का शे."

कुंपणापलीकडून अक्का म्हणाल्या, "माले कोन इचारं?" तेवढं मात्र त्यांना नेमकं ऐकू गेलं.

नानांनी ते हलणारं स्टूल जवळ मागितलं. पोटावर उलटं घेतलं, एक पाय बोटांनी चाचपला, जुन्या टायरचा तुकडा सुरीने कापून त्या पायाखाली बसवला आणि तारेने आवळला. निजल्या निजल्या करत होते, त्यामुळे बराच वेळ लागला. मग ते त्यांनी उंबऱ्याकडे सरकवलं आणि त्याला म्हणाले, "एस्टीमा बठाले जागा भेटाव नही. जाय रे भो, इना संगे."

वडील म्हणाले, "अहो, विकायचं ते."

"हाऊ इकाना नही. हाऊ घरना शे."

परत आण असं ते म्हणाले नाहीत. तिकडेच राहू दे असंही म्हणाले नाहीत. रात्रभर मी त्यातून अर्थ काढत राहिले. यांना माझ्या मनातलं कळलंय का? म्हणून घरची वस्तू सोबत देताहेत? की बसायला जागा मिळणार नाही, एवढंच? असल्या शंका काढण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सकाळी धुळे स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्या लेकी निघालेल्या, कडेवर पोरं, हातात पिशव्या. जळगावच्या गाडीत आम्ही कसेबसे चढलो. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे सामानात धरू का माणसात?" वडिलांनी त्याला समजावलं. मी दोन बाकांच्या मधल्या वाटेत स्टूल टेकवलं आणि बसले. रस्ता खराब, गाडी हेलकावे खात होती, पण टायरच्या तुकड्यामुळे स्टूल सरकलं नाही. पारोळ्याला एक म्हातारी चढली. तिला मी स्टूल दिलं आणि एरंडोलपर्यंत उभी राहिले. ती म्हणाली, "बरी युक्ती केली व माय, कुणाची?" मी म्हटलं, "आमच्या घरची." आमच्या हा शब्द मी देवपूरच्या घराबद्दल तोवर वापरला नव्हता. लगेच मला चुकल्यासारखं झालं.

जळगावहून रेल्वेने बोदवड आणि तिथून बैलगाडीने घरी. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता. मैत्रिणी आल्या, झोक्यावर बसल्या, गाणी झाली. मी एकदा बोलण्याच्या ओघात "काबर" म्हणून गेले आणि त्या सगळ्या हसल्या. "धुळ्याची झाली वं ही." मीही हसले. पण मग गप्प बसले, तिथे बसायची तशीच.

आखाजीच्या दुपारी घरात निजानीज झाली आणि आई एकटी सापडली. ती मागच्या अंगणात सांजोऱ्यांची भांडी घासून हात पुसत होती. मी स्टूल सावलीत ठेवलं आणि म्हटलं, "बस ना माय थोडी." मला तिला बसवूनच सगळं सांगायचं होतं. मांडून ठेवलेली वाक्यं तोंडाशी होती.

आईने स्टूल उलटं करून वीण बघितली. "तू विणलं?"

"हो."

"घट्ट विणलं." तिने पट्टीवरून हात फिरवला. मग इकडे तिकडे बघून बसली. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. तिने ते थोडे हलवले. तोंडावर एक वेगळंच हसू आलं. मी तिला त्या घरात उंच बसलेली कधी पाहिली नव्हती, म्हणून बघतच राहिले. आता सांगावं, असं म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात पलीकडच्या ओसरीत आजोबा, म्हणजे आईचे सासरे, खाकरले. झोपेतच असावेत. आई चटका बसल्यासारखी उठली, पदर डोक्यावर आला, आणि ती भिंतीशी जाऊन जमिनीवर बसली. सगळं एका क्षणात. तिला स्वतःलाही कळलं नसेल. मग मला म्हणाली, "हं, काय सांगत होती?"

मी म्हटलं, "काही नाही. नानांचा पाय मोडला, ते सांगत होते."

"मग काळजी घे त्यांची," आई म्हणाली.

त्या क्षणी काय झालं ते मी तेव्हा सांगू शकले नसते. आजही नीट येत नाही. एवढंच डोळ्यांपुढे आलं की एका म्हाताऱ्या माणसाने उन्हाळ्याच्या दिवसात, एवढ्या उकाड्यात, तासभर तोंडावर रुमाल घेऊन काढला होता.

परतताना वडील जळगावपर्यंत आले. तिथून धुळ्याची गाडी मी एकटीने धरली. गर्दी ओसरली होती, खिडकीशी जागा मिळाली, तरी स्टूल मी पायांत धरून बसले. पांझरेचा पूल आला तेव्हा मी ते मांडीवर घेतलं. कुणी उतरवून घ्यायला आलेलं नव्हतं. फाटक लोटलं, शेडपर्यंत गेले आणि स्टूल खाटेजवळ ठेवलं. नाना जागे होते. मी पदर पुढे ओढला.

त्यांनी स्टुलाकडे बघितलं. टायरचा तुकडा जागेवर आहे का ते वाकून पाहिलं. मग त्याला म्हणाले, "उना का रे भो, गाव पाहीसन?"

मी चहा मांडायला आत गेले.

पुढे पाय बरा झाला तरी बसून बघायचं काम नानांनी पुन्हा स्वतःकडे घेतलं नाही. मी फरशीवर स्टूल ठेवलं की ते खाटेवर बसून तोंडावर रुमाल घ्यायचे आणि विचारायचे, "कोनता पाय?" त्या वेळेपुरतं आम्ही बोलायचो. एरवी पूर्वीसारखंच, उंबऱ्यावरच्या स्टुलामार्फत. मला वाटलं होतं आता एकटेपण जाईल. ते काही गेलं नाही. दिवसातला थोडा वेळ ते बाजूला ठेवता येत होतं, इतकंच, आणि तेवढ्यावर वर्षं निघाली.

नंतर प्लास्टिकची स्टुलं आली. हलकी, लाल, निळी. रसवंतीवाल्यानेही तीच घेतली. नवरा मॅटाडोरवर दुसऱ्यांचा माल भरू लागला आणि शेड रिकामं होत गेलं. नाना गेले तेव्हा त्यांना शेडसमोरच ठेवलं होतं, तोंडावर पांढरं वस्त्र. बायका फरशीवर बसल्या होत्या, मीही बसले. कुणीतरी मला धरून होतं. मी मात्र त्या वस्त्राकडे बघत होते, ते हलतंय का.

ते स्टूल अजून माझ्या दारात बाहेर असतं. पट्टी मी दोन-तीनदा बदलली, रंगही दिला. टायरचा तुकडा तोच आहे. संध्याकाळी मी त्यावर बसते. नीट बसते, रस प्यायला आल्यासारखी.